वर्णनाचा रकाना

कृष्णा उतरली की कराडच्या वाळवंटात
शेवंता सोनझारी पाटी घेऊन बसते.
यंदा तिच्यासोबत यासीन मुल्लाणी,
रेडिओ दुरुस्तीचं दुकान बसलेला.
काठीला तारेचं वेटोळं बांधून
त्याने कसलंसं मशीन केलंय.
ते किंचाळतं बिअरच्या बुचांवर, बैलाच्या नालेवर,
पुलावरून हात जोडून टाकलेल्या रुपयांवर.

परवा ते किंचाळलं नाही. नुसतं कण्हलं.
कोपरभर वाळू उपसून, गाळ धुऊन
जे उरलं ते पदराच्या गाठीतून
माझ्या टेबलावर आलं.
चिंच लावू नकोस म्हटलं होतं. लावलीच होती.

मी वजनमापे खात्यातला.
सदतीस वर्षं बाजारातले खोटे किलो जप्त केले.
नाण्यांचा नाद पेन्शनीनंतरचा.
लोक म्हणतात, भोसेकर झिजलेलं ओळखतात.
खरं तर मी वजन करतो
आणि बराच वेळ गप्प बसतो.

तीन ग्रॅम, वर बारा शतांश. चांदी.
शिवराई नव्हे, शिशाचा हत्ती नव्हे.
दिवा घालवून बॅटरी टेबलाला टेकवून धरली.
उजेड आडवा आला
तशी कोयनेचं पाणी आटल्यावर
बुडीत गावाची जोती दिसावीत
तशी एक मान वर आली. एक कान.
पहिलं जातं ते नाक,
सम्राट असो की सरपंच.
मग गाल, मग भुवई.
कान खोलगटात असतो म्हणून टिकतो,
ऐकायला काही उरलेलं नसताना.

कडेला एकच अक्षर: दोन वासे, मधे तुळई नाही.
नाणं फिरवलं तर तेच दुसरं अक्षर.
आणि गालावर छिन्नीचा घाव,
आत चांदीच आहे ना, बघायला घातलेला.
माझ्याच खात्यातला कुणी जुना माणूस.

रोमी असावं, म्हटलं. समुद्रापल्याडचा राजा.
मिऱ्यांच्या बदल्यात घाट चढून आलेला पैसा.
"नाव काय त्येचं?"
पुस्तकातले सतरा चेहरे पुढे ठेवले.
सगळ्यांना कान होते.

शेवंताने नाणं उचललं, पालथं केलं,
अंगठा फिरवला.
"सायेब, तुमी तोंडच बघताय. पाठ बघा की.
बाजारात पैका दोन्ही अंगांनी झिजतो.
ह्येची पाठ कशी, लोणी.
ह्ये गळ्यात व्हतं कुणाच्या तरी."
बांगडीतली सेफ्टी पिन काढून तिने
कानाच्या वर खुपसली, मी गंज समजलो होतो तिथे.
माती पडली.
भोकातून बॅटरीचा उजेड
भिंतीवर तांदळाएवढा.
"बघा, भोक वर वढलंय. ल्येकरू पिताना वढतं.
माज्या आईच्या डोरल्याचं आसंच झालं व्हतं."

मी वही मिटली.
पुस्तकही मिटलं.

सोमवारी तहसील कचेरीत तिघे.
सापडलेलं सरकारजमा करायचं, रीतसर.
क्षीरसागर कारकुनाने फॉर्म सरकवला.
वर्णनाच्या रकान्यात मी लिहिलं:
चांदी, गोल, एक कान.
पाठ पुढच्या बाजूपेक्षा जास्त झिजलेली.
वर भोक, ओढलेलं.
"राजाचं नाव?"
सापडलं नाही.
"मग मूळ मालक?"
यासीनने माझ्याकडे पाहिलं, मी शेवंताकडे.
ती पंख्याकडे बघत होती.
अज्ञात, लिहिलं, आणि मागे काना नसलेली ती
स्त्री हा शब्द
लिहून खोडला. फॉर्म एकच होता.

"सापडणाऱ्याने इथे अंगठा."
शेवंताने शाईत बुडवून टेकवला.
काळा ठिपका, सपाट.
"अहो, रेघा येत नाहीत. परत द्या."
परत दिला. परत तसाच.
चाळीस वर्षं वाळू चाळलेला अंगठा तिने
लुगड्याला पुसला, जीभ लावली, पुन्हा बुडवला.
बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर रिव्हर्स घेत होता.
चौथ्या वेळी कडेला दोन रेघा उमटल्या,
अर्ध्या.
क्षीरसागरने कागद खिडकीकडे तिरका धरला.
"चालेल," म्हणाला.